बुधवारचा उपवास

अप्पांनी मला आडनाव विचारलं नाही. खोली बघायला गेले तेव्हा ते दुकानाच्या ओट्यावर मांडीत एक भलंमोठं भगुनं घेऊन बसले होते आणि त्याचा तळ नखानं खरवडत होते. माझ्याकडं वर न बघताच म्हणाले, "तुमच्या गावच्या पाण्यात डाळ शिजती का?"

त्या दिवशी बघितलेली ती माझी तिसरी खोली. पहिल्या दोन घरमालकांनी पंखा, नळ, न्हाणी सगळं हौसेनं दाखवलं आणि शेवटी आडनाव विचारलं. ऐकल्यावर एकाला आठवलं की खोली भाच्याला द्यायचा शब्द गेलाय, आणि दुसऱ्याच्या बायकोची तब्येत एकदम बिघडली. सिरसाळ्यात मी नवीन, जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकतीच रुजू झालेली, हातात वळकटी आणि डोक्यात राग. त्यात हा म्हातारा मला डाळीचं विचारतोय. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "न्हाई शिजत. सोडा टाकावा लागतो."

"मग आष्टीकडल्या हाव," ते म्हणाले आणि आता कुठं त्यांनी मान वर केली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि डोळे असे की हा माणूस रागावलाय की हसतोय ते कळू नये.

अप्पांचा धंदा भांडी भाड्यानं द्यायचा. लग्न, बारसं, तेरावं, सप्ताह, काहीही असो, पंचक्रोशीतली भगुनी, पराती, ताटं, बादल्या अप्पांकडून जायची आणि त्यांच्याकडं परत यायची. परत आलेलं भांडं बघून ते कुठल्या गावचं पाणी पिऊन आलंय हे ते सांगायचे. पांढरा जाड थर म्हणजे अमुक गाव, पिवळट झाक म्हणजे तमुक. उमापूर तर तिकडं गेवराई तालुक्यात, लांब. पण तिथल्या एका लग्नाला गेलेलं पातेलं त्यांनी माझ्यासमोर ओळखलं होतं. माणसाला जात विचारायच्या ठिकाणी त्यांचा हा एकच प्रश्न. डाळ शिजती का? बरं, उत्तर काहीही आलं तरी खोली मिळायची, ही त्यातली गंमत.

पण मला दोनदा पोळलं होतं. महिन्याभरानं कळून वळकटी पुन्हा रस्त्यावर यायला नको, म्हणून मी आपणहून आडनाव सांगितलं.

"मी इचारलं का?" अप्पा म्हणाले.

"नंतर कळलं तर तुमाला वाटायचं, बाईनं लपवलं."

"भगुनं घासून आलंय का, एवढंच बघतो मी. सकाळी नळाला पाणी न्हाई येत, सांजच्याला भरून ठेवत जा." आणि त्यांनी पुन्हा नख लावलं. झाली आमची बोलणी.

अट एकच होती, तीही त्यांनी सांगितली नाही, त्यांना सोसताना बघून मला कळली. अप्पांना अंड्याचा वास चालायचा नाही. नुसता चालायचा नाही असं नाही, घरात थांबवायचंच नाही. मी पहिल्यांदा ऑम्लेट केलं तेव्हा ते उठले, पायात चप्पल घातली आणि स्टँडवर जाऊन बसले. तासाभरानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, "झालं का, बाई?" मी शरमेनं मेले. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणाले, मी नाही करत यापुढं. तर माझ्यावरच उखडले. "कावून? तुमची जीभ, तुमचा तवा. मला काय, स्टँडवर गप्पा मारायला माणसं लई हाईत." मग दर रविवारी तसंच चालायचं. मी अंडी फोडायची, अप्पा स्टँडवर. तिथले लोक त्यांना विचारायचे म्हणे, "अप्पा, आज बाईकडं ऑम्लेट का?"

सिरसाळ्याला, परळीला, एकूण बीड जिल्ह्याला अप्पा सकाळी दात घासताना शिव्या घालायला सुरुवात करायचे ते दिवे लागेपर्यंत. हितली माणसं वंगाळ, हितले पुढारी वंगाळ, हितलं पाणी सुद्धा वंगाळ. पण बाहेरच्यानं एक शब्द बोलायची सोय नव्हती. एकदा बँकेत बदलून आलेला पुण्याकडचा एक साहेब सत्यनारायणासाठी ताटं न्यायला आला. ताटं मोजता मोजता सहज म्हणाला, "तुमच्या या जिल्ह्यात माणसं राहतात तरी कशी हो?" अप्पांनी मोजलेली ताटं उचलून पुन्हा मांडणीवर ठेवली. म्हणाले, "भांडी न्हाईत." मागं छताला टेकतील एवढी ताटं रचलेली होती. साहेब बघतच राहिला.

तो गेल्यावर मी म्हणाले, अप्पा, सकाळीच तर तुम्ही याच्या दुप्पट बोललात.

"मी बोललो. माझ्या आईला मी बोलंन. हा कोण उपटसुंभ?"

माझी स्वतःची गत तेव्हा उलटी होती. मी त्या साहेबाच्या बाजूची होते. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात आमची वस्ती वेशीबाहेर. माझी आई विहिरीच्या काठावर रिकामा हंडा ठेवून उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर नाही. लग्नाच्या पंगतीत आम्हाला शेवटी, उरलेलं. हे सगळं बघून शिकले, नोकरीला लागले, आणि नेमणूक झाली तीही याच जिल्ह्यात. मी मनाशी ठरवलं होतं, पाच वर्षं काढायची आणि सुटायचं. प्रेम वगैरे करायला माझ्याकडं काही कारण नव्हतं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की टक्‌ टक्‌ आवाज यायचा. अप्पा हातोडी आणि एक पोलादी खिळा घेऊन बसायचे आणि ताट पालथं करून काठाजवळ एक टिंब ठोकायचे. नाव नाही, अक्षर नाही, नुसतं टिंब. लातूरहून नवी ताटं आली की आधी टिंब, मग मांडणी. मला वाटलं चोरी होऊ नये म्हणून खूण करत असतील. पण मग सगळे भांडीवाले करतात तसं नाव का कोरत नाहीत? मी विचारलं तर म्हणाले, "जुनी खूण हाय. चालू ठिवली."

सांगितलं ते काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं. आम्ही दोघी गव्हाच्या कुरडया घालत होतो तेव्हा. अप्पांच्या वडिलांच्या काळी दुकानात दोन प्रकारची भांडी असायची. गावासाठीची आणि वस्तीसाठीची. मिसळू नयेत म्हणून वस्तीवर जाणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या पाठीला वडिलांनी टिंब ठोकलेलं. सगळ्या पंचक्रोशीला ते माहीत. पंगतीत बसलं की जुनी माणसं आधी ताट पालथं करून बघायची, टिंब नाही ना, आणि मग पुढ्यात ठेवायची.

मला एकदम आमच्या गावाकडची ताटं आठवली. आमच्या लग्नांत यायची त्यांच्यावर पण असली खूण असायची. लहानपणी मी त्या खड्ड्यात बोट घालून खेळायचे. मला वाटायचं ती नक्षी आहे. काकूंसमोर मला रडू आवरेना, आणि त्या बिचाऱ्या कुरडयांचा साचा हातात धरून तशाच बसल्या.

वडील गेले आणि दुकान अप्पांकडं आलं. कुणालाही वाटेल की त्यांनी खुणेची भांडी मोडीत काढली असतील. तसं केलं असतं तर सोपं होतं. पण त्यांनी भलतंच केलं. दार लावून घेतलं आणि महिनाभर बसून दुकानातल्या उरलेल्या प्रत्येक ताटाला, वाटीला, परातीला, डावाला टिंब ठोकलं. एक भांडं बिनखुणेचं ठेवलं नाही. मग एका पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ती भांडी गेली. पहिल्या पंगतीत एका पाव्हण्यानं सवयीनं ताट पालथं केलं. टिंब. शेजारच्याचं बघितलं. टिंब. गोंधळ उडाला, पंगत उठली, अप्पांना बोलावून मांडवात उभं केलं. ते म्हणाले, "सगळ्यालाच हाय. नवऱ्या मुलाच्याबी ताटाला हाय. बघा उलटं करून."

मारायचं बाकी ठेवलं होतं, काकू म्हणाल्या. दोन लग्नसराया दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. सगळे परळीहून भांडी आणायचे. मग हळूहळू परत आले. "मन बदललं म्हणून न्हाई ग बाई," काकू म्हणाल्या, "परळीचा टेम्पो परवडंना म्हणून." आले ते आले, पण ताट पालथं करून बघायची खोड काही गेली नाही. टिंब दिसलं की तोंड वाकडं करायचे आणि जेवायचे. दुसरं ताट होतंच कुठं?

मी त्या रात्री अप्पांना विचारलं की पुसूनच का टाकलं नाही.

"पुसतंय व्हय? स्टीलातला खड्डा हाय तो. घासला तर ताट फाटतं."

"मग मोडीत द्यायची."

"माझ्या बापानं केल्याली खूण हाय, बाई. मोडीत दिली तर उद्या हेच लोक म्हणतील, आमच्याकडं असलं काई नव्हतंच. त्यापरीस सगळ्यांनीच खाऊ द्या त्याच्यात."



आता बुधवारचं सांगते. माझी लेक झाली, बाळंतपण माहेरी झालं, आणि दोन महिन्यांनी मी सिरसाळ्याला परत आले. आमचे हे तेव्हा परभणीला नोकरीला. मला वाटलं, शाळेच्या स्टाफला बारशाचं जेवण द्यावं. चार वर्षं त्यांच्या प्रत्येक कार्यात मी आहेर घेऊन गेले होते, ताटावर बसले होते. दिवस निवडताना मी फार डोकं लावलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा, आणि रविवारी सुट्टी म्हणून सगळे आपापल्या गावी. आमचे मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, सोमवार फार कडक करायचे. परळीचा वैजनाथ जवळ, सोमवारी त्यांच्या पोटात शेंगदाणासुद्धा जायचा नाही. म्हणून मी बुधवार धरला. कॅलेंडर काढून बघितलं, एकादशी नाही, चतुर्थी नाही. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, गुलाबजाम. भांडी अर्थातच अप्पांची.

सगळे आले. अकराच्या अकरा जण. बाळाच्या हातात नोट ठेवली, झबली दिली, गोरी आहे, नाक आईवर गेलंय, सगळं म्हणाले. मी ताटं मांडायला घेतली तसं मोठे गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "बाई, माझं वाढू नका. आज उपवास हाय."

मी म्हणाले, गुरुजी, आज बुधवार आहे.

"नवीन धरलाय," ते म्हणाले.

त्यांच्या शेजारच्या गुरुजींनी पण नवीन धरला होता. त्यांच्या शेजारच्या बाईंचा नवस होता. एकामागून एक, अकरा जणांचा बुधवार. कुणी माझ्याकडं बघेना. सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. माझ्या हातात पुऱ्यांची परात, आणि परात खाली कुठं ठेवावी हे मला सुचेना. त्या क्षणी मला तो जिल्हा, ते गाव, ती शाळा, सगळ्याला काडी लावावीशी वाटली होती. खोटं कशाला सांगू?

अप्पा दारात उभे होते. सगळं ऐकलं आणि निघून गेले. मला वाटलं, वास न आवडून जातात तसे स्टँडवर गेले. पण जरा वेळानं अंगणात स्टोव्ह भरभरायला लागला. बघते तर अप्पा स्वतः भगुनं चढवून बसलेले, काकू शेंगदाणे कुटतायत. अर्ध्या तासात अकरा माणसांना पुरून उरेल एवढी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. धोतराचा सोगा खोचून अप्पा आत आले, एकेकासमोर ताट ठेवलं आणि स्वतःच्या हातानं वाढत सुटले. "उपासाला भगर चालती. एकादशी आन दुप्पट खाशी, असं उगंच न्हाई म्हणत. बसा, बसा. कुणी उपाशी जायचं न्हाई माझ्या घरून."

आता काय करणार? उपवास आहे म्हणून तर सांगून बसलेले. आठ जणांनी मान खाली घालून खाल्लं. दोघांनी बोटं बुडवल्यासारखं केलं. मोठ्या गुरुजींनी वाढायच्या आधी ताट उचललं, पालथं केलं, टिंबावरून अंगठा फिरवला. मग शेजारच्याचंही बघितलं. अप्पा भगुनं घेऊन समोर उभे. मग वाढलंच. गुरुजींनी हात लावला नाही. "बसची वेळ झाली," म्हणून उठले. त्यांचं भरलेलं ताट तसंच राहिलं. ते अप्पांनी खाल्लं, तिथंच बसून, सगळं.

माझ्या पुऱ्या त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांनी संपवल्या. जाताना अप्पांनी माझ्या लेकीला एक लहानशी वाटी दिली. पाठीला टिंब ठोकलेली.

पाच वर्षांत सुटायचं म्हणणारी मी तिथं अकरा वर्षं राहिले. नंतर ह्यांची बदली झाली म्हणून पुण्याला आले. इथं कुणी विचारलं, मूळच्या कुठल्या, तर मी बीड म्हणते आणि समोरचा "बापरे" म्हणतो. आणि काय होतं बघा, मला राग येतो. त्या जिल्ह्याला नावं ठेवायला माझ्याइतकी कारणं सोसायटीत कुणाकडं नाहीत, तरी मीच भांडते. ज्वारीचं सांगते, सीताफळाचं सांगते, माणसं मनात काही ठेवत नाहीत हे सांगते. लेक म्हणते, "आई, माझ्या बारशाला ज्यांना उपवास होते, त्यांचं तू काय कौतुक सांगतेस?" ती वाटी घेऊनच वाढलेली आहे, हॉस्टेलला पण घेऊन गेली होती, टिंबाची सगळी गोष्ट तिला पाठ. म्हणूनच सिरसाळ्याला चल म्हटलं तर यायची नाही. तिला दोष देता येत नाही.

अप्पांचा फोन यायचा. "पुण्याच्या पाण्यात डाळ शिजती का?"

"पटकन शिजते, अप्पा."

"मग चव काय येणार, कप्पाळ."

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांच्या आवाजातली मस्ती कमी झाली. जिल्ह्यात पुन्हा सुरू झालं होतं. या वेळी वस्ती आणि गाव असं नाही, गावातल्याच दोन मोठ्या जातींचं फाटलं. किराणा आपल्याच माणसाकडून घ्यायचा, रिक्षा आपल्याच माणसाची, सलून आपल्याच माणसाचं. मांडववाले पण दोन झाले, याचा वेगळा, त्याचा वेगळा. अप्पांचं दुकान मधोमध, कुणाचंच नाही. भांडी मांडणीवर पडून. "थर बघायलाबी मिळंना आता," ते एकदा म्हणाले, आणि लगेच पुढं, "बाई, माझ्यामागचं जेवण माझ्याच भांड्यात करा. एकच पंगत. दोन करायच्या असत्याल तर करूच नगा. पोरगं भितंय, तुमी उभ्या ऱ्हावा."

मी म्हणाले, असलं बोलू नका. ते म्हणाले, "बोलतोय तवर ऐका."

दोन महिन्यांनी गेले. मातीला मला पोचता आलं नाही. त्यांच्या लिंगायतांत मागाहून जेवण असतं, गणाराधना म्हणतात, तिला चार दिवस आधीच जाऊन थडकले. या खेपेला लेक आपणहून म्हणाली, मी येते. वाटी देणाऱ्या आजोबांसाठी येते, गावासाठी नाही, हे पण ऐकवलं.

अप्पांचा मुलगा लातूरला नोकरीला, स्वभावानं गरीब. त्यानं दोन मांडव ठरवले होते. दोन आचारी, कागदाच्या पत्रावळी. म्हणाला, "बाई, याचा आचारी असला तर ते येत न्हाईत, त्याचा असला तर हे येत न्हाईत. दोन्ही ठिवले म्हणजे सगळे जेवून तरी जातील." मी त्याला अप्पांचं बोलणं सांगितलं. तो रडायलाच लागला. "आन कुणीच आलं न्हाई तर? अप्पांचं जेवण वाया गेलं म्हणतील."

"जाऊ दे वाया," मी म्हणाले. बोलले खरी, पण त्या माणसानं आयुष्यभर एका पंगतीसाठी हातोडी चालवली आणि त्याच्याच जेवणाला रिकामी पंगत बसली तर मी काकूंना काय तोंड दाखवणार होते?

दोन्ही आचाऱ्यांनी एका मांडवात शिजवायला नकार दिला. मग काकू, मी, माझी लेक आणि वस्तीवरच्या सात-आठ बायका, आम्हीच चुली पेटवल्या. भात-वरण, वांग्याचं कालवण, गव्हाची खीर. त्यात दिवस आला सोमवार. अर्ध्या गावाचा खराच उपवास, उरलेल्यांना आयतं निमित्त. मग मी एका भगुन्यात भगर पण टाकली. लेक म्हणाली, "पुन्हा भगर?" मी म्हणाले, "अप्पांची रीत आहे, गप्प ढवळ."

बाराला ताटं मांडली. पाहुणे बसले, वस्तीवरची माणसं बसली, आणि पंगतीचा अर्ध्याहून जास्त भाग रिकामा. समोर चहाच्या हॉटेलाच्या एका बाजूला यांची पोरं, दुसऱ्या बाजूला त्यांची, मोबाइल हातात घेऊन उभी. कोण आधी जातंय ते बघत होती. कुणी जाईना. अप्पांचा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. काकू तर पदर तोंडाला लावून आतच बसल्या. मी वरणाची बादली हातात घेऊन उभी, आणि मला पुन्हा ती पुऱ्यांची परात आठवत होती.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा मांडवात आला. पाठ वाकलेली, डोळ्याला जाड चष्मा. मी आधी ओळखलंच नाही. मोठे गुरुजी. कपाळाला भस्म होतं, म्हणजे सोमवार चालूच होता. ते पंगतीच्या रिकाम्या भागात, मधोमध, मांडी घालायची कसरत करत बसले. त्यांच्या नातवाच्या वयाचा एक जण हॉटेलाकडून ओरडला, "आबा, आज सोमवार हाय की तुमचा!" त्यांनी तिकडं बघितलं पण नाही.

माझी लेक भगरीचं भगुनं घेऊन त्यांच्यासमोर गेली. तिला ते कोण हे माहीत नव्हतं. म्हणाली, "आजोबा, उपवास असेल तर भगर आहे."

गुरुजींनी मान वर केली. तिच्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"बाईंची लेक का तू?"

"हो."

"तुझ्या बारशाला मला उपास व्हता," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण पंगत इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "खोटा व्हता, पोरी. बुधवार व्हता. भरल्या ताटावरून उठून गेलतो मी. अप्पांनी खाल्लं ते ताट."

लेकीनं डाव भगुन्यात ठेवला.

"भगर नको," गुरुजी म्हणाले. "आज मला उपास न्हाई. वरण-भात वाढा, बाई."

चाळीस-पन्नास वर्षांचा त्यांचा सोमवार होता. मी बादली घेऊन पुढं झाले. त्यांनी ताट उचललं आणि मला वाटलं, आता पालथं करतील. नाही केलं. दोन्ही हातांनी धरलं, माझ्यासमोर. वरण अर्धं भाताबाहेर गेलं. माफ केलं का म्हणाल, तर मला माहीत नाही. सव्वीस वर्षं मी तो बुधवार जपून ठेवला होता, असा एका वाढणीत सोडवेना. पण वाढलं.

हॉटेलाकडून कुणीतरी आलं, त्याच्यामागं अजून दोघं, मग दुसऱ्या बाजूचे चार. गाव आलं असं मी म्हणणार नाही. पंगत भरली नाहीच, दहा-बारा ताटं शेवटपर्यंत रिकामी राहिली. आलेल्यांतही दोघा-तिघांनी ताट पालथं करून बघितलंच.

गुरुजींनी पहिला घास चावला आणि थांबले. मी घाबरले, काही खटकलं की काय.

"डाळ जरा कच्ची हाय," ते म्हणाले.

"हितलं पाणीच तसलं हाय, गुरुजी," माझी पुण्याची लेक म्हणाली, आणि अजून थोडं वाढायला खाली वाकली.